अंतिम सामन्यानंतर मी ओरडलेली दोन वाक्यं

आइस हॉकीचा सामना मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही कुवेतमध्ये, भर मे महिन्यात. बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता आणि आम्ही कपाटाच्या तळातून काढलेले स्वेटर हातावर टाकून, घाम पुसत पार्किंगमधून चाललो होतो. डांबरगोळ्यांचा वास येत होता. माझा मित्र म्हणाला, "भाऊ, परभणीत कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील."

हा मित्र आमच्याच एक्स-रे विभागात नर्स होता. जाब्रियातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी एक्स-रे टेक्निशियन, अठरा वर्षं झाली. तो माझ्यानंतर सात वर्षांनी आला. सीटी स्कॅनच्या पेशंटला सुई टोचायची, इंजेक्शन द्यायचं, हे त्याचं काम. आम्ही एकाच इमारतीत राहायचो, एकाच गाडीने कामावर जायचो, एक आठवडा माझी गाडी, एक आठवडा त्याची. तो बडबड्या आणि मी गप्प. विभागात मला सगळे गप्प माणूस म्हणूनच ओळखतात. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी याच ओळखीचा आडोसा घेतला.

पास आमच्या विभागप्रमुखांनी दिले होते. ते कुवेती डॉक्टर, साठीच्या जवळ आलेले, कडक, पण कामात खोट नसली की घरच्यासारखे वागणारे. त्यांचा धाकटा मुलगा अहमदीला तेल कंपनीत इंजिनिअर होता आणि संध्याकाळी बर्फावर गोलकीपर. आशियातल्या लहान लहान संघांची एक स्पर्धा कुवेतमध्ये भरली होती आणि अंतिम सामना नेमका कुवेत विरुद्ध भारत असा आला. भारताचा असा काही संघ आहे हे आम्हाला तोवर ठाऊकही नव्हतं. डॉक्टर स्कॅनच्या खोलीत आले आणि म्हणाले, "तुम्ही तुमच्यासाठी ओरडा, मी माझ्यासाठी ओरडतो. जो हरेल त्याने सगळ्या विभागाला जेवू घालायचं."

"डॉक्टर, मज्बूस आत्ताच सांगून ठेवा," मित्र म्हणाला. मज्बूस म्हणजे इथला मटणभात.

"आणि तू बिर्याणी सांगून ठेव," डॉक्टर म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

आमची जागा डॉक्टरांच्या कुटुंबाच्या बरोबर मागच्या रांगेत होती. पुढे त्यांची बायको, मुली, भाऊ आणि सगळ्यांच्या मधोमध घोंगडी पांघरून बसलेले त्यांचे वडील. वय पंच्याऐंशीच्या आसपास. नजर जवळजवळ गेलेली, पण नातू खेळतोय म्हणून हट्टाने आलेले. दर थोड्या वेळाने ते काय झालं म्हणून विचारायचे आणि एक नात त्यांच्या कानात सांगायची. सामना सुरू होण्याआधी त्यांनीच खजुराचा डबा मागे पाठवला. मग थर्मासमधली कॉफी, छोट्या बिनकानाच्या कपांतून. आम्ही खजूर खाल्ले, बिया कागदात गुंडाळल्या.

भारताचे खेळाडू बर्फावर उतरले तेव्हा आमच्या रांगेतला एकजण म्हणाला, "अरे, हे तर चिनी दिसतात." सगळे लडाखकडचे. आम्ही त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. पाच मिनिटांत ते 'आपले पोरं' झाले. मित्राने क्रिकेटची निळी जर्सी घातली होती, गालांवर तिरंगा काढला होता. खेळाचे नियम कुणालाच कळत नव्हते. ती काळी चकती दिसायचीसुद्धा नाही. लोक ओरडले की आपण ओरडायचं, एवढंच. पण रक्त खरंच तापलं होतं. दोन खेळाडू काचेवर धाडकन आदळायचे आणि आमच्यातले कारकून, लॅबवाले, बँकवाले जागेवरून उठून मुठी आवळायचे.

भारत एका गोलने जिंकला. शेवटचा गोल डॉक्टरांच्या मुलाच्या दोन पायांमधून गेला. शिट्टी वाजली आणि तो तिथेच, जाळीसमोर, गुडघ्यांवर बसला. हेल्मेट काढलं नाही. कुवेतचे बाकीचे खेळाडू रांगेत हस्तांदोलनाला गेले, तो एकटा बसून राहिला. माझ्या पुढच्या रांगेत सगळे गप्प होते. मागे आम्ही नाचत होतो.

तेव्हा मी ओरडलो. हिंदीत ओरडलो, आमच्या रांगेत सगळ्यांना कळावं म्हणून.

"तेल बेच के बरफ खरीद लिया, खेलना भी खरीद लेते!" हे पहिलं. आजूबाजूला हशा उसळला. त्या हशाने मला चेव आला आणि मी त्या गुडघ्यांवर बसलेल्या मुलाकडे हात करून दुसरं वाक्य फेकलं, "ऊँट को बूट पहना दिया, ऊँट तो ऊँट ही रहेगा!"

हे कुठून आलं असं मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. सरकारी खिडकीवर पेनच्या टोकाने 'मागे हो' म्हणून खुणावणारा कुणी पंचविशीतला कारकून. दुकानात नाव न विचारता, नोकराला मारावी तशी 'रफीक' म्हणून मारलेली हाक. अशी अठरा वर्षांची यादी मी काढू शकतो. पण त्या यादीत हे डॉक्टर नव्हते, हा मुलगा नव्हता, हे म्हातारे गृहस्थ तर नव्हतेच. ज्यांनी खरंच अपमान केला त्यांच्यासमोर मी अठरा वर्षं 'येस सर' म्हणत आलो. ज्यांनी खजूर दिले त्यांच्या पाठीवर ओरडलो. आणि ओरडलो ते धीटपणे नाही. यांना हिंदी कळत नाही या खात्रीवर ओरडलो. आम्ही इथे सगळेच असं करतो. लिफ्टमध्ये, दवाखान्यात, समोर उभ्या माणसाबद्दल त्याच्यादेखत आपल्या भाषेत काय वाटेल ते बोलतो आणि चेहरा सरळ ठेवतो.

म्हाताऱ्यांचा हात तेव्हा खजुराचा डबा मागे देत होता. तो मध्येच थांबला. मग डबा त्यांनी मांडीवर ठेवला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहूनही त्यांना काही दिसलं नसतं.

मित्र माझ्याकडे बघत होता. "भाऊ, हे जरा जास्तीच झालं," तो म्हणाला.

रविवारी दुपारी मज्बूस आला. दोन मोठी ताटं, वर तळलेला कांदा आणि बेदाणे. डॉक्टर शब्दाला पक्के. स्टाफरूमच्या टेबलावर आम्ही ताटांभोवती उभे राहिलो आणि ते दारात उभे राहून म्हणाले, "खा. तुम्ही जिंकलात. फक्त एक विचारायचं आहे. माझे वडील लहानपणी आठ वर्षं मुंबईला होते. आजोबांची खजुराची पेढी होती तिथे. शाळाही तिथेच. त्यांना हिंदी माझ्या इंग्रजीपेक्षा चांगली येते. तुमच्या रांगेतून त्यांच्या नातवाला उंट कोण म्हणालं?"

भाताचा घास माझ्या हातात होता. रांगेतल्या ज्यांना ठाऊक होतं ते ताटाकडे बघत राहिले. डॉक्टर थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. मग लोक हळूहळू जेवू लागले. मीही जेवलो, हे लिहायला हवं.

संशय मित्रावर गेला. तो बडबड्या, तो रंगवलेल्या गालांचा. शिवाय डॉक्टरांच्या मुलीने काढलेल्या एका फोटोत मागे तोच होता, तोंड वासून, मूठ वर. फोटोला आवाज नसतो. डॉक्टरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. तो म्हणाला, "मी नाही." कोण, ते त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं.

"तू त्याच्या शेजारी होतास. तो म्हणतो मी नाही. तो होता का?"

मी म्हणालो, "डॉक्टर, खूप गोंगाट होता. माझं लक्ष नव्हतं."

'तो नव्हता' एवढं म्हणालो असतो तरी पुरलं असतं. त्याच्यापुढे 'मी होतो' म्हणण्याची गरजही पडली नसती कदाचित. पण 'तो नव्हता' म्हटलं की मग 'कोण' हा प्रश्न आला असता, आणि मी तेवढंही अंतर चाललो नाही. डॉक्टरांनी मान डोलावली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. गप्प माणूस.

गाडीत मित्राने सरळ विचारलं. त्या आठवड्यात त्याची गाडी होती.

"काय म्हणालाव?"

"म्हटलं, गोंगाट होता."

त्याने सिग्नलला गाडी थांबवली. "गोंगाट तर होताच की ओ," तो म्हणाला. "अन् त्याच्यात कोण ओरडलं?"

"सांगतो मी. दोन दिवस जाऊ दे, राग उतरू दे त्यांचा."

"माझा काँट्रॅक्ट जुलैला संपतो, भाऊ. सही त्यांचीच लागती." मग थोड्या वेळाने, "मी काही तुमचं नाव घेणार नाही. चुगली करणं आपल्याला जमत नाही. तुमचं तुमी सांगा."

त्याच्या या भलेपणावर मी दोन महिने जगलो.

घरी बायकोला सांगितलं. बायकोने अडवलं, असं लिहिता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती उलट म्हणाली, "उद्या सकाळी जा आणि सांगून या. त्याची पोरगी आपल्या पोरीच्याच वर्गात आहे." दोघीही अकरावीत होत्या. माझ्या मनातही मुलगीच होती: काँट्रॅक्ट गेला की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जातो, इकामा गेला की सगळ्यांनी महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, तिची अकरावी अर्धवट. हेच सगळं त्याच्या मुलीच्या वाट्याला येणार होतं, हे मला दिसत होतं. मी हिशेब करून माझी मुलगी निवडली, असंही नाही. मी काहीच निवडलं नाही. रोज सकाळी उद्यावर टाकलं.

जूनमध्ये डॉक्टरांचे वडील छातीच्या एक्स-रेसाठी आले. खोकला होता. व्हीलचेअर ढकलणाऱ्या नर्सला मी बाहेर थांबायला सांगितलं. त्यांना हिंदी येते हे आता ठाऊक होतं, म्हणून मी मुद्दाम अरबीत बोललो, तेही खालच्या आवाजात. "हज्जी, उभे राहा. हनुवटी इथे टेकवा." आमचं काम असं असतं की पेशंटला उभं करायचं, मग काचेमागे जायचं आणि तिथून सांगायचं: श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. अठरा वर्षांत हे तीन शब्द मी हजारो वेळा म्हटले असतील. त्यांनी श्वास घेतला आणि खोकला आला. परत केलं, परत खोकला. तिसऱ्यांदा श्वास भरला गेला आणि तो सुटेल या भीतीने मी काचेमागून जोरात ओरडलो, "रोखून धरा!"

फोटो चांगला आला.

मी बाहेर आलो तेव्हा ते अजून भिंतीला धरून उभे होते. त्यांनी हिंदीत विचारलं, जुन्या मुंबईच्या बाजारातली हिंदी, मधे मधे आपली मराठी. "तू रे तो? मॅचवाला?"

मी व्हीलचेअर जवळ ओढली.

"डोळे गेले ना, तो कान तेज होता है," ते म्हणाले. "आमचा मास्तर मराठी होता. छडी मारायचा, पण शिवी नाही द्यायचा." त्यांना धाप लागली. मी त्यांना खुर्चीत बसवलं. बसताना धरलेलं माझं मनगट त्यांनी सोडलं नाही. "मी नाही सांगणार. मी सांगितलं तो शिकायत होईल. तू जा, तू सांग माझ्या मुलाला. माझा मुलगा बुरा आदमी नाही."

"हो हज्जी," मी म्हणालो. मनगटावरची पकड सैल झाली. त्यांना माझा शब्द पुरला.

मी गेलो नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मित्राचा फॉर्म सही न होता परत आला. कारण लिहिलेलं नव्हतं, लिहावंही लागत नाही. सामान आवरायला त्यांच्याकडे बायकोला पाठवलं, मी स्वतः खाली गाडीत खोकी भरत राहिलो. विमानतळावर सोडायला मीच गेलो. त्याची मुलगी मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून बसली होती. त्याची बायको उतरताना मला म्हणाली, "भाऊजी, एवढी वर्षं तुमचा मोठा आधार होता." तिला माहीत नव्हतं. त्याने घरीदेखील सांगितलं नव्हतं.

तो गेल्यावर बारा दिवसांनी मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. आता का, तर आता त्याने काही फरक पडणार नव्हता म्हणून, हे मला स्वतःला कळत होतं. सगळं सांगितलं. दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणून दाखवली. वडिलांना कळलं होतं हेही सांगितलं.



"मी त्याला उंट म्हटल्याबद्दल काढलं असं वाटतं तुला?" डॉक्टर म्हणाले. "मॅचमध्ये मी पंचाच्या आईचा उद्धार केला होता. माझ्या बायकोला विचार. मॅचमध्ये माणसं ओरडतात. वडिलांना वाईट वाटलं, म्हणून मला वाटलं की तुमच्यातला कुणीतरी रुमैथियाला आमच्या घरी येईल, त्यांच्या कपाळाचं चुंबन घेईल, माफ करा म्हणेल. आमच्यात तसंच मिटवतात. त्यांनी चहा पाजला असता आणि दोन तास मुंबईच्या गोष्टी ऐकवल्या असत्या. मी वाट बघत होतो. त्याऐवजी तो माझ्या तोंडावर म्हणाला, मी नाही. फोटो समोर असताना. खोटं बोलणारा माणूस मला पेशंटच्या शिरेत सुई घालायला नको होता. म्हणून सही केली नाही."

मी म्हणालो, "तो खरं बोलत होता."

"ते आता सांगतोस?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्याच्या जागी माणूस घेतला मी. रविवारी येतोय."

"माझं काय, डॉक्टर?"

हे मी विचारलं. त्या क्षणीही हेच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय? माझ्याकडे एक टेक्निशियन आधीच रजेवर आहे. जा, पेशंट थांबलेत." मी दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाले, "आणि माझ्या वडिलांकडे जाऊ नकोस आता. ते रोज विचारायचे, तो आला का सांगायला. मला कळायचं नाही कुणाबद्दल विचारतात."

माझी नोकरी राहिली. माझा इकामाही पुढे वाढला. ज्या शिक्षेच्या भीतीने मी दोन महिने गप्प बसलो, ती मुळात नव्हतीच. एक चहा होता आणि एका म्हाताऱ्या कपाळावर ओठ टेकवायचे होते.

मित्राला हे सांगायला हवं असं मला वाटलं. ते त्याच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे तेव्हा तपासलं नाही. शुक्रवारी सकाळी फोन केला. तो परभणीतच एका दवाखान्यात लागला होता, मुलीला तिथल्या कॉलेजात घातलं होतं, नवं बोर्ड, वर्ष बहुतेक वाया जाणार होतं. हे त्याने तक्रार न करता सांगितलं. मग मी सांगितलं.

"खोटं बोललो म्हणून?" तो म्हणाला. "मी?"

"त्यांना तसं वाटलं."

"अन् तुमी आता सांगितलं त्यांना."

"हो."

"मग तुमाला काढलं का?"

"नाही."

तो हसला. छोटंसं. पाठीमागून रस्त्याचा आवाज येत होता, बहुधा तो चहाच्या टपरीवर होता.

"भाऊ, एक सांगू का? हे तुमी नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. इथं लोकं विचारतात, कुवेतहून का आलाव. मी सांगतो, फायनलमधी इंडिया जिंकली, मी तिरंगा लावून नाचलो, शेखाला राग आला, काढलं. लोकं पाठीवर थाप मारतात. च्याचे पैसे घेत नाही हा टपरीवाला माझ्याकडून. माझ्या पोरीलाबी तेच सांगितलंय. वर्ष गेलं तर गेलं, म्हणती, माझा बाप देशासाठी आला."



"आता तिला काय सांगू?" तो म्हणाला.

अठरा वर्षांची सवय, गप्प राहिलो. पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली, हसून काहीतरी म्हणालं, आणि तो त्याला म्हणाला, "आलो, आलो." मग माझ्याशी काही न बोलता त्याने फोन ठेवला.